एकाच मापाने

1881 च्या एप्रिल महिन्यात सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला फाशीची शिक्षा झाली. पोटच्या नवजात मुलाचा तिने जीव घेतला, हा गुन्हा. अपिलात फाशी टळून जन्मठेप काळ्या पाण्याची झाली आणि पुढे तीही पाच वर्षांवर आली. वर्तमानपत्रांत मात्र खटला चालूच राहिला. विधवांनी काय करावे इथपासून ते नव्या वाऱ्याने बायका कशा बिघडत चालल्या आहेत इथपर्यंत सगळे लिहून झाले. ‘पुणेवैभव’ने तर समस्त स्त्रीजातीच्या नीतीवरच झोड उठवली. मूल जिच्या पोटी आले ती पिंजऱ्यात उभी होती. ज्याच्यापासून आले, त्याच्यावर खटला नव्हता.

या लेखनाला उत्तर आले ते बुलढाण्याहून. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचे आणि कारभाराला इंग्रजांचे. घाटावरच्या या गावी जिल्ह्याची मुख्य कचेरी होती आणि डेप्युटी कमिशनरच्या त्या कचेरीत बापूजी हरी शिंदे हेडक्लार्क होते. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते सभासद. त्यांनी लेकीला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. लेक म्हणजे ताराबाई, जन्म सुमारे 1850 चा. पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात 1882 मध्ये त्यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापले गेले, प्रती 500 आणि किंमत नऊ आणे. ताराबाई शिंदे यांचे आपल्याला ठाऊक असलेले हे एकमेव पुस्तक.

या पुस्तकाला आज आपण स्त्रीवादी लेखनाचा आरंभ म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे संशोधनाची रीत. विजयालक्ष्मीची कड घ्यायची एवढाच हेतू असता तर वर्तमानपत्राला एक पत्र पुरले असते. ताराबाईंनी त्या एका खटल्यावरून मागे जाऊन मूळ गृहीतकच तपासायला घेतले. स्त्रिया आणि पुरुष यांत ‘साहसी’ कोण, म्हणजे त्या काळच्या अर्थाने दुष्कृत्याला न कचरणारे कोण, हे स्पष्ट करण्यासाठी हा निबंध आहे असे त्यांनी उपशीर्षकातच सांगितले. बायकांच्या दुर्गुणांची यादी देणारा एक जुना संस्कृत श्लोक त्यांनी समोर ठेवला आणि त्यातला एकेक आरोप सुटा करून विचारले की हा दोष पुरुषात नाही का, आणि असला तर जास्त कोणात? शास्त्रे कोणी लिहिली, गोष्टी कोणी रचल्या, त्यांत बायकांची बाजू मांडायला कोण होते, हेही त्यांनी विचारले. आरोप करणाराच साक्षीदार आणि तोच न्यायाधीश असेल तर निकालाला काय किंमत?

माप एकच लावायचे, हा त्यांचा आग्रह शेवटपर्यंत सुटत नाही. नवरा मेला की बायकोचे केस जातात, कुंकू जाते, मंगलकार्यातली जागा जाते. मग बायको मेल्यावर पुरुष दाढीमिशा उतरवून रानात का जाऊन बसत नाही, असा त्यांचा सवाल आहे. उलट दहावा होत नाही तोच दुसरीला बोहल्यावर उभी करण्याची घाई असते. वाचणाऱ्याला यातला संताप आधी जाणवतो. पण संतापाखाली तर्क आहे: एकच घटना, मृत्यू, आणि दोघांसाठी दोन नियम. नियमाचे कारण धर्मात असते तर ते दोघांना लागू झाले असते, तेव्हा कारण दुसरीकडे शोधायला हवे.

हे सगळे कोणत्या विद्यापीठाच्या आधाराने चालले होते? कोणत्याच नाही. मुंबई विद्यापीठ 1857 चे, पण तिथल्या पदव्यांचे दार स्त्रियांना उघडले 1883 मध्ये, म्हणजे ताराबाईंचे पुस्तक छापून झाल्यावर वर्षाने. नागपूर विद्यापीठ 1923 चे. त्यातून अमरावती विद्यापीठ वेगळे झाले 1983 मध्ये, आणि बुलढाणा जिल्ह्यातली महाविद्यालये आज त्याला जोडलेली आहेत. प्रश्न आधी आला आणि तो विचारायची अधिकृत जागा शंभर वर्षांनी आली.

पुस्तकाचे स्वागत कसे झाले हे फुल्यांच्या लेखनावरून कळते. 1885 मध्ये ‘सत्सार’ या आपल्या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली, कारण सुधारक म्हणवणाऱ्या मंडळींनाही हे पुस्तक झोंबले होते. त्यानंतर शांतता. ताराबाईंनी पुन्हा काही छापले नाही. सुमारे 1910 मध्ये त्या गेल्या आणि पुस्तकही विस्मरणात गेले.

विद्यापीठे आली, मराठीचे विभाग निघाले, तरी ही शांतता का मोडली नाही, याचा विचार करताना मला याच जिल्ह्यातले दुसरे मोठे नाव आठवते. मलकापूर तालुक्यातले नरवेल हे वि. भि. कोलते यांचे गाव, जन्म 1908 चा. महानुभाव वाङ्मयाचा एवढा मोठा अभ्यासक मराठीत क्वचितच झाला. पुढे ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि 1978 मध्ये त्यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ प्रसिद्ध झाले. त्यांच्या पिढीसाठी मानव्यविद्येतले संशोधन म्हणजे पोथी मिळवणे, सांकेतिक लिपी उलगडणे, पाठभेद जुळवणे, काळ ठरवणे. हे काम झाले नसते तर मराठीला स्वतःचे जुने गद्यच हाती लागले नसते. त्या ‘लीळाचरित्रा’साठी सातशे वर्षांपूर्वी म्हाइंभटाने माणसामाणसाला विचारून चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, आणि पुढच्या लेखकांनी कोणाचा पाठ कोणता हे वेगवेगळे नोंदवून ठेवले. ती शिस्त कोलत्यांच्या पिढीने विद्यापीठात आणली. पण संशोधनाचा विषय म्हणजे जुने, हस्तलिखित आणि संतांचे, अशी एक चौकट त्यातून पक्की झाली. नऊ आण्यांचे छापील पुस्तक, तेही एका कारकुनाच्या लेकीचे, रागाने लिहिलेले, त्या चौकटीत बसत नव्हते. ते पोथीइतके जुने नव्हते आणि वाङ्मय म्हणावे असे त्यात काही दिसत नव्हते. मुद्दाम कोणी दडपले असे मला म्हणायचे नाही. काय शोधायचे हे आधीच ठरलेले असले की समोरचीही वस्तू नजरेत भरत नाही.

ती नजर बदलली ती दोन बाजूंनी. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेले महात्मा फुल्यांचे समग्र वाङ्मय 1969 मध्ये निघाले. ‘सत्सार’ वाचणाऱ्याला ताराबाईंचे नाव पुन्हा दिसू लागले. याच मालशे यांनी 1975 मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा प्रसिद्ध केले. मधे 93 वर्षे गेली होती. दुसरी बाजू साहित्याबाहेरची. भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या सरकारी समितीने ‘समतेकडे’ जाण्याची भाषा करणारा आपला अहवाल त्याच सुमारास दिला आणि स्वातंत्र्यानंतर अनेक बाबतींत बायकांची पीछेहाट झाल्याचे आकड्यांनी दाखवले. मुंबईच्या एस.एन.डी.टी. विद्यापीठात 1974 मध्ये नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले. 1981 मध्ये तिथेच स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. विजयालक्ष्मीच्या खटल्याला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती.

आता मराठीचा विभाग, इतिहासाचा विभाग आणि समाजशास्त्राचा विभाग यांच्या मधल्या भिंतीत एक दार पडले. ताराबाईंचे पुस्तक त्या दारातून आत आले. 1994 मध्ये रोझलिंड ओ’हॅनलन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला, तेव्हा बुलढाण्यातला हा युक्तिवाद केंब्रिज आणि ऑक्सफर्डच्या वर्गात पोचला. विलास खोले यांनी 1997 मध्ये त्याची नवी मराठी आवृत्ती सिद्ध केली.

पण दार उघडले म्हणजे सगळे सुरळीत झाले असे नव्हे. ‘स्त्री’ म्हणजे कोणती स्त्री, हा पुढचा प्रश्न पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रातून शर्मिला रेगे यांनी जोराने विचारला. दलित स्त्रियांचे बोलणे वेगळे आहे आणि ते ऐकल्याशिवाय स्त्रीवाद पुरा होत नाही, ही त्यांची 1998 मधली मांडणी. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरचे त्यांचे पुस्तक 2006 चे. या नजरेने ताराबाईंकडे पाहिले की त्यांच्या मर्यादाही दिसतात. त्या बोलतात ते मुख्यतः मराठा घरातल्या पडद्यातल्या आणि ब्राह्मण घरातल्या केशवपन केलेल्या बाईबद्दल. कपाशी वेचणारी, दुसऱ्याच्या वावरात राबणारी बाई त्यांच्या पानांत फार थोडी येते. इंग्रज राणीच्या राज्यावर त्यांचा विश्वास होता. हे सांगितल्याने त्या लहान होत नाहीत. त्यांनी जे माप पुरुषांना लावायला सांगितले, तेच माप पुढच्या पिढीने त्यांच्या पुस्तकाला लावले, आणि संशोधनाची परंपरा यापेक्षा वेगळी कशी चालणार?

माझी तक्रार वेगळी आहे. पुण्या-मुंबईत आणि परदेशात या पुस्तकावर जेवढा विचार झाला, तेवढा ते ज्या मातीतून आले तिथे झाला नाही. बुलढाणा जिल्हा मातृतीर्थ म्हणून ओळखला जातो. सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी 12 जानेवारीला लाखो माणसे येतात आणि ती श्रद्धा खरी आहे. याच जिल्ह्याचा दुसरा आकडाही खरा आहे. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली 2001 मध्ये 908 होत्या, 2011 च्या जनगणनेत त्या 855 वर आल्या. राज्याचा आकडा तेव्हा 894 होता. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा 1994 चा, म्हणजे ही घसरण कायदा असताना झाली. 1881 मध्ये एका बाईला बालहत्येसाठी पिंजऱ्यात उभे केले गेले. इथे पिंजऱ्यात उभे करावे असा एकही माणूस सापडत नाही, कारण निर्णय सासू, नवरा, डॉक्टर, हुंड्याची भीती आणि दोन एकरांची वाटणी या सगळ्यांत वाटला गेलेला असतो. हा प्रश्न एकट्या वैद्यकाचा, कायद्याचा किंवा अर्थशास्त्राचा नाही. ताराबाईंनी तो एकाच निबंधात मांडला असता, कारण त्यांच्यासमोर विभाग नव्हते.

शेतकरी आत्महत्यांवरच्या संशोधनातही हे दिसते. 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातले सहा जिल्हे होते, त्यांत बुलढाणा. त्याच सुमारास टाटा समाजविज्ञान संस्था, मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आणि यशदा यांचे अहवाल आले. कर्ज, भाव, पाऊस, सावकार यांचा त्यांत कसून शोध आहे आणि त्यामुळे धोरण काही प्रमाणात हलले. पण मेलेल्या माणसाच्या कारणांवर एवढा भर पडला की मागे राहिलेल्या बाईचे पुढे काय झाले, हे विचारायला वेळ लागला. महिला किसान अधिकार मंचाने 2018 मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या अशा 505 बायकांची पाहणी केली. सुमारे 40 टक्के बायकांना नवऱ्याच्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता.

तलाठ्याकडे हा हक्क कसा अडतो, ते नीट पाहिले तर कळते. नवरा गेल्यावर वारसनोंद लागते, तिचा फेरफार होतो, मग सातबाऱ्यावर नाव चढते. जमीन सासऱ्याच्या किंवा सामाईक नावावर असेल तर मुलाचे नाव वारस म्हणून सहज लागते आणि सुनेचे मागे राहते. नाव लागलेच तर कधी कधी ते ‘इतर हक्क’ या रकान्यात जाऊन बसते. सातबारा नसेल तर पीककर्ज नाही, पीकविमा नाही, अनुदान नाही. म्हणजे शेत ती कसते आणि सरकारच्या हिशेबी शेतकरी दुसराच कोणीतरी असतो. शेतकरी संघटनेने 1986 मध्ये चांदवडला बायकांचा मोठा मेळावा घेतला आणि त्यातून पुढे बायकोच्या नावावर जमीन करून देण्याची ‘लक्ष्मीमुक्ती’ चळवळ निघाली. या चळवळीने विद्यापीठाच्या बरेच आधी हा रकाना ओळखला होता.

आमच्याकडच्या महाविद्यालयांत आज पीएचडी करणारे पुष्कळ आहेत. विषयाला मान्यता मिळते, शीर्षकाच्या शेवटी ‘एक चिकित्सक अभ्यास’ येते, प्रबंध शोधगंगेवर चढतो. त्यातल्या मेहनतीबद्दल मला आदर आहे, कारण नोकरी, घर आणि शेत सांभाळून तो लिहिलेला असतो. पण विषय निवडताना घाटाखालच्या किंवा घाटावरच्या आपल्याच गावाकडे पाहायचे धाडस कमी दिसते. ‘स्त्रीपुरुषतुलना’वर आणखी एक प्रबंध झाला तर आनंदच आहे. त्याहून मला हवा आहे तो एखाद्या विद्यार्थिनीने एका तालुक्यातल्या पन्नास गावांचे सातबारे वाचून केलेला अभ्यास. किती शेतांवर बाईचे नाव आहे, ते कोणत्या वर्षी लागले, नवऱ्याच्या हयातीत की मागे, आणि घराच्या नमुना आठवर कोणाचे आहे? मराठा, माळी, बौद्ध, बंजारा, मुस्लिम घरांत यात काय फरक पडतो? ज्या गावात बाईच्या नावावर जमीन जास्त, तिथे लहान मुलींचा आकडा वेगळा आहे का? पुढची जनगणना 2027 मध्ये होणार आहे आणि तीत जातीचीही नोंद होणार आहे. तिचे आकडे हाती येण्याआधी ही कागदपत्रे वाचायला घेतली, तर आकडे आल्यावर त्यांना विचारायचे प्रश्न तयार असतील.