उरलेले तुकडे



आजच्या शुभवर्तमानात (योहान ६:१-१५) पाच भाकरी आणि दोन मासे यांचा चमत्कार आपण ऐकला. पाच हजार पुरुष जेवले हे आपल्या चांगले लक्षात राहते. त्यापुढचे मात्र आपण घाईत ऐकतो. उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाता कामा नये, असे प्रभू शिष्यांना सांगतो. ज्याच्या हातून एवढे अन्न वाढले, त्याला तुकड्यांची काळजी का? इथे आम्ही अडखळलो आणि अमेरिकेतील एका नदीची हकिकत आठवली.

अ‍ॅरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन नावाचे ७१० फूट उंच धरण आहे. १९६३ साली त्याचे दरवाजे बंद झाले. पूर्वी ही नदी गढूळ आणि तांबूस होती, तिच्या स्पॅनिश नावाचा अर्थही तोच. उन्हाळ्यात तिचे पाणी कोमट असे. धरणानंतर जलाशयाच्या खोल भागातले पाणी वीजघरातून बाहेर पडू लागले. ते बारमाही थंड आणि काचेसारखे नितळ. मूळच्या माशांना ते मानवेना. मग १९६४ पासून तिथे ट्राउट आणून सोडले. हा थंड, गोड्या पाण्यातला मासा आपल्याकडे काश्मीर आणि हिमाचलच्या नद्यांत मिळतो. त्यांना खायला कोळंबीसारखे बारीक जीवही माणसांनीच आणून सोडले.

धरणापासून लीज फेरीपर्यंतचा सुमारे २४ किलोमीटरचा पट्टा गळ टाकणाऱ्या हौशी लोकांना प्रिय झाला. मांडीभर पाण्यात उभे राहून, पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी ते पाण्यावर सोडतात. गळाला उलटी आकडी नसावी असा तेथे नियम आहे. पुष्कळ जण मासा पकडतात, बघतात आणि परत सोडून देतात. आपल्या कोळी बांधवांना हे वाचून हसू येईल. सोडायचाच तर पकडायचा कशाला?

पण ट्राउट काही त्या पट्ट्यात थांबले नाहीत. लीज फेरीच्या खाली सुमारे शंभर किलोमीटरवर लिटल कोलोरॅडो नदी येऊन मिळते. तेथे हम्पबॅक चब नावाचा, पाठीवर कुबड असलेला मूळचा मासा कसाबसा तग धरून होता. ट्राउट त्याची पिल्ले खातात, म्हणून २००३ ते २००६ या काळात रात्री होड्या नेऊन, पाण्यात वीज सोडून, १९ हजारांहून अधिक ट्राउट काढले आणि मारले. त्यांचे खत करण्यात आले.

गरज सरो, वैद्य मरो, असे आपण म्हणतो ते हेच.

त्या प्रदेशातील झुनी ह्या आदिवासी समाजाने याला हरकत घेतली. तो परिसर त्यांना पवित्र आहे आणि पाण्यातले जीव त्यांना आप्त वाटतात. त्यांच्या परिषदेने २०१० साली तसा ठरावच केला. लक्षात घ्या, ट्राउट त्यांचे नव्हते, बाहेरून आणलेले होते. तरीही ते त्यांच्या बाजूने बोलले. अधिकाऱ्यांनी ऐकले. पुढे शक्य तेथे मासे जिवंत पकडून दुसरीकडे नेण्याचे आणि मारावेच लागले तर खाण्याच्या उपयोगात आणण्याचे धोरण आले.

चबला वाचवायलाच हवे होते, यात आम्हांला शंका नाही. २०२१ साली त्याच्यावरील संकटाची श्रेणी एका पायरीने खाली आली, ही आनंदाची गोष्ट. जलाशयाची पातळी उतरून पाणी कोमट झाले, याचाही त्यात वाटा आहे. मासे खाणे हे पापही नव्हे. पुनरुत्थित प्रभूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. पण आपणच हौसेने आणलेला जीव अडचणीचा झाला की कचरा ठरवायचा, इथे झुनी लोकांना टोचले. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात हेच सांगितले आहे: प्रत्येक जिवाला स्वतःचे मोल आहे, ते आपल्या उपयोगावर अवलंबून नाही.

बंधू-भगिनींनो, माणसाची बरोबरी माशाशी करावी असे नाही. पण परक्या माशांसाठी कोणी उभे राहिले, तर आपण कोणासाठी राहिलो? आपल्या वाड्यांत राबायला आपल्या वडीलधाऱ्यांनी कुटुंबे आणून वसवली. त्यांनी विहिरी खणल्या, केळी शिंपल्या. आज जमिनीला भाव आला आहे. व्यवहार ठरला की सर्वांत आधी उठते ती त्यांची झोपडी. त्यांनी कुठे जावे हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले? आम्हीही विचारले नव्हते, हे लिहिताना शरम वाटते.

आज दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात याविषयी बोलण्यासाठी आपण बसणार आहोत. ज्यांच्या वाडीत असे कुटुंब अजून राहते आहे, त्यांनी कृपया थांबावे. जमल्यास त्या कुटुंबातील कोणाला तरी सोबत आणावे.