अयोध्येचे श्रोते

रामानंद सागर यांच्या मालिकेत लव आणि कुश अयोध्येत येऊन रामकथा गातात. त्या भागांची आठवण कोणाकडेही काढावी, उत्तर एकच येतं: ‘रडू आलं.’ मराठी माणूस हे सांगतो, बंगाली सांगतो, तेलुगू सांगतो. मालिका हिंदीत होती, पण या एका जागी भाषेची अडचण कोणाला आलेली दिसत नाही. वल्कलं नेसलेली दोन मुलं गातात, समोर राजा बसलेला असतो आणि गाण्यातली कथा त्याचीच असते. 2020च्या टाळेबंदीत दूरदर्शननं ते सगळं पुन्हा दाखवलं, तेव्हा तिशी-चाळिशी ओलांडलेली माणसं पुन्हा रडली, आणि या वेळी आपल्या मुलांना शेजारी बसवून रडली.

मला कोडं आहे ते या रडण्याचं. मूल गातं तेव्हा ऐकणाऱ्याचं मन हलतं. त्यात त्याचं कर्तृत्व काही नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. हललेलं मन काही देणं लागतं का? की डोळे पुसले की हिशेब मिटला?

मुळात हे भाग पडद्यावर आले कसे, ते आधी सांगायला हवं. ‘रामायण’ ही मालिका जानेवारी 1987मध्ये सुरू झाली आणि जुलै 1988मध्ये रामाच्या राज्याभिषेकानंतर थांबली. थांबण्याची ती जागा नैसर्गिक होती. मालिकेचा मोठा आधार तुलसीदासांचं ‘रामचरितमानस’ होता, आणि तुलसीदास सीतेच्या वनवासाची कथा सांगतच नाहीत. लव-कुशांचा जन्म ते ओझरता नोंदवतात, बस्स. तमिळमध्ये कंबनही राज्याभिषेकापाशीच थांबतो. पण मालिका तिथं संपणार हे कळल्यावर जालंधरच्या सफाई कामगारांनी काम बंद केलं. ते वाल्मीकींना आपले गुरू मानतात, आणि वाल्मीकी स्वतः कथेत येतात, निराधार सीतेला आसरा देतात, तिच्या मुलांना वाढवतात ते सातव्या कांडात. ते कांड वगळलेलं त्यांना चालणार नव्हतं. संप उत्तर भारतातल्या इतर शहरांत पसरला आणि सरकारला पुढचे भाग करवून घ्यावे लागले.

म्हणजे ज्या गाण्यानं देश रडला, ते गाणं गटारं उपसणाऱ्या आणि रस्ते झाडणाऱ्या प्रेक्षकांनी भांडून मिळवलं होतं. रडणाऱ्यांपैकी कितीजणांना हे माहीत होतं? मला स्वतःला ते फार उशिरा, एम.ए.च्या अभ्यासात, ‘अनेक रामायणां’विषयीच्या एका इंग्रजी ग्रंथात वाचायला मिळालं. एकाच मालिकेचे हे दोन प्रेक्षक आहेत. एकाला कथा गोड लागली. दुसऱ्याला कथेत आपलं काहीतरी अडकलेलं दिसलं, आणि ते सोडवायला तो उठला.

आता वाल्मीकींकडे जाऊ. उत्तरकांडात गाण्याचा हा प्रसंग गोमतीकाठी, नैमिषारण्यात, अश्वमेधाच्या मंडपात घडतो. यज्ञाला पत्नी लागते म्हणून रामाच्या शेजारी सोन्याची सीता आहे. वाल्मीकी मुलांना पाठवताना बारीकसारीक सूचना देतात. रस्त्यांवर गा, ऋषींच्या निवासापाशी गा, राजाच्या दाराशी गा. रोज 20 सर्ग गा. फळंमुळं खाऊन राहा, म्हणजे गळा उतरणार नाही. धनाचा लोभ जरासुद्धा धरू नका. आणि राजानं विचारलं, कोणाची मुलं, तर एवढंच सांगा की वाल्मीकींचे शिष्य.

मुलं गातात. लोक आपापसांत म्हणतात की जटा आणि वल्कलं नसती तर यांच्यात आणि रामात फरक करता आला नसता. राम खूश होऊन 18,000 सुवर्णमुद्रा देण्याची आज्ञा करतो. मुलं नाही म्हणतात. आम्ही वनात राहणारे. सोन्याचं काय करू?

आपण या नकारात निरिच्छता पाहतो आणि मुलांचं आणखी कौतुक करतो. मला त्यात एक व्यवहारही दिसतो. बिदागी दिली की ऐकणारा मोकळा होतो. गाणं विकत घेतलं जातं, गाणारा नोकर होतो आणि कथा मनोरंजन होते. संस्कृतात ‘कुशीलव’ हा शब्द गावोगाव फिरून गाणाऱ्या, नाचणाऱ्या, सोंगं आणणाऱ्या लोकांसाठी आहे, आणि त्यांची सामाजिक पायरी खालची. या दोन मुलांच्या नावांतून तोच शब्द ऐकू येतो, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. मोहरा घेतल्या असत्या तर ती दोघं नुसती कुशीलव ठरली असती. बालकांडात ऋषी गाणं ऐकून कोणी कलश देतो, कोणी वल्कल देतो, ते मुलं घेतात; त्या वस्तू बरोबरीच्या माणसानं दिलेल्या, रोजच्या वापरातल्या आहेत. राजाचं सोनं मात्र नाही. ज्याच्या मंडपात आईच्या जागी सोनं बसवलेलं आहे, त्याच्याकडून आणखी सोनं घेऊन ऋण फिटणार नव्हतं. मुलांना हे कळलं असेल असं कवी म्हणत नाही. पण ऐकणाऱ्याला मोकळं होऊ द्यायचं नाही, ही तजवीज त्यानं केली आहे.

आज अश्रू ही आपली बिदागी आहे. ती द्यायला खर्च येत नाही आणि दिली की मोकळं वाटतं.

मालिका पहिल्यांदा लागली तेव्हा आम्ही बडोद्याला होतो. वाड्यात दूरदर्शन संच दोन घरांत. बायका-मुलं सगळी तिथंच जमत. मराठी बायका, गुजराती बायका, सगळ्यांच्या डोळ्यांना पदर. वाड्यातच माहेरी परत आलेल्या एक बाई होत्या. नवऱ्यानं घराबाहेर काढलं होतं. का, ते कोणी नीट सांगत नसे. साड्यांना फॉल लावून देत आणि दोन मुलं वाढवत. लव-कुशांचं गाणं संपल्यावर कोणी तरी म्हणालं, ‘काय गोड गळा आहे लेकरांचा!’ त्यावर त्या एवढंच बोलल्या, ‘बरं झालं बाई तिचं, पोरं गाणारी निघाली. नाही तर कोण विचारत होतं?’

हे वाक्य मला वाल्मीकींवरच्या पुष्कळ भाष्यांपेक्षा जड वाटतं. सीतेची बाजू राजसभेत पोचते कशी? तिच्या मुलांचा गळा सुरेल आहे म्हणून. त्यांना तालीम मिळाली, वीणेच्या साथीनं गाता येतं, रूप राजबिंडं आहे. जे मूल बेसूर आहे, तोतरं आहे, अंगावर वल्कलांऐवजी फाटका सदरा आहे, त्याच्या आईची कथा कोणत्या मंडपात ऐकली जाईल? ऐकून घेतलं जाण्यासाठी मुलानं आधी आपल्याला रिझवावं लागतं, हीच मुळात लाजिरवाणी अट आहे. आणि तो गोडवाही आपल्या मागणीप्रमाणे बनवलेला असतो. पडद्यावर ओठ मुलांचे हलतात, आवाज पार्श्वगायनातला, प्रौढ आणि तयार असतो. त्यात फसवणूक नाही. आपल्या सिनेमाची ती जुनी रीत आहे आणि रवींद्र जैन यांच्या चालींनी ती उत्तम निभावली. पण ज्याला आपण ‘निरागस सूर’ म्हणतो, तो मोठ्यांनी मोठ्यांसाठी घडवलेला असतो, एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही. खरं मूल गाताना मध्येच थांबतं, खोकतं, घरी जायचं म्हणतं.

इथं रसशास्त्राचा आक्षेप येईल आणि तो हलका नाही. भट्टनायक आणि अभिनवगुप्त सांगतात की कलेतला शोक हा कोणाचा तरी खासगी शोक राहत नाही. तो साधारण होतो, माझा-तुझा भेद गळतो, म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. प्रेक्षकानं उठून काही करावं अशी अपेक्षा ठेवली की नाटक संपलं आणि सभा सुरू झाली. रडणं हीच फलश्रुती. त्यातून मन जरा मऊ झालं तर तेवढं पुरे. अनुवादाचं काम करणारी मी हा आक्षेप झटकून टाकू शकत नाही. परक्याचं दुःख माझ्या भाषेत आणताना मी याच साधारणीकरणावर जगते. ते नसतं तर जालंधरचा संप मराठीत सांगता आला नसता आणि अयोध्येचं दुःख बडोद्याच्या वाड्यात पोचलं नसतं.

पण लव-कुशांचं गाणं हा या सिद्धांताचा कठीण पेपर आहे. त्या मंडपात पहिल्या रांगेतला श्रोता सहृदय रसिक नाही. कथेत ज्याच्याबद्दल बोललं जातंय तोच तो आहे. त्याच्या मागे बसले आहेत अयोध्येचे नागरिक, ज्यांच्या कुजबुजीमुळे सीता वनात गेली. त्यांना आस्वाद घेता येतो का? येत असेल तर एकच अर्थ निघतो: ही कथा आपली नाही असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं आहे. तेव्हा दिवाणखान्यात बसलेल्या प्रेक्षकाला विचारायचा प्रश्न असा, की तू रसिकांच्या रांगेत बसला आहेस की अयोध्येच्या? आसन निवडण्याची मुभा नेहमी असतेच असं नाही. जो परका आहे त्यानं खुशाल आस्वाद घ्यावा. ज्याच्या घरात, आळीत, गावात संशयानं बाहेर काढलेली बाई आहे, तो परका नाही.

रामानं काय केलं? त्यानं मोहरांच्या पुढे जाऊन विचारपूस केली, हे त्याच्या बाजूनं म्हटलंच पाहिजे. काव्य किती मोठं, कोणी रचलं, तो मुनी कुठं आहे, हे तो विचारतो. अनेक दिवस ऐकतो. ही सीतेची मुलं आहेत हे त्याला उमगतं. आणि मग तो निरोप पाठवतो की सीतेनं सभेत येऊन आपल्या शुद्धीची शपथ घ्यावी. इतकं ऐकून, इतकं हलूनही पुरावा पुन्हा तिच्याकडेच मागितला जातो. ‘गीतरामायणा’च्या 56 गीतांतल्या पहिल्याच गीतात माडगूळकर हा प्रसंग मिठीपर्यंत आणून सोडतात. राजा आसनावरून उठून मुलांना जवळ घेतो, पण ही भेट बाप-लेकांची आहे हे दोन्हीकडे ठाऊक नसतं. सुधीर फडक्यांच्या आवाजातली ती जागा मराठी माणसानं 1955पासून डोळे भरून ऐकली आहे. मिठीनंतर शपथ येते, हे ऐकताना सहसा आठवत नाही. भावनेनं माणूस मुलांना जवळ घेतो. आपला निर्णय चुकला असं म्हणायला तेवढी भावना पुरत नाही. ते काम वेगळं आहे.

भवभूतीला हे खुपलं असावं. आठव्या शतकातला हा कवी आपलं मूळ घराणं विदर्भातल्या पद्मपूरचं सांगतो. त्याच्या ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात गंगेकाठी नाटकात नाटक होतं. वाल्मीकींनी रचलेलं, अप्सरांनी केलेलं. विषय सीतेचा त्याग आणि मुलांचा जन्म. राम प्रेक्षकांत आहे, नागरिकही आहेत. राम पाहता पाहता इतका विरघळतो की हे नाटक आहे, याची आठवण लक्ष्मणाला करून द्यावी लागते. साधारणीकरण इथं कोसळलेलं आहे आणि कवीला तेच हवं आहे. मग खरी सीता समोर येते, आणि अरुंधती प्रश्न सीतेला करत नाही. ती वळते नागरिकांकडे: हिला स्वीकारायचं की नाही, बोला. आणि नागरिक सीतेला वंदन करतात.

भवभूतीनं शेवट गोड केला असं शाळेपासून शिकवतात. मला वाटतं त्यानं पुरावा द्यायची जबाबदारी उलटी केली. ज्यांनी नुसतं पाहिलं आणि नुसतं बोललं, त्यांनाच उभं केलं. हे स्वप्नरंजन आहे असं कोणी म्हणेल. असेल. पण प्रेक्षकाचं देणं किती, याचा आकडा त्यानं नेमका मांडला आहे: जी गोष्ट आपल्या तोंडानं बिघडली, ती आपल्याच तोंडानं सर्वांसमक्ष दुरुस्त करायची. त्याहून जास्त तो मागत नाही, आणि रडून त्यातून सूटही देत नाही.

वाल्मीकींच्या काव्यात अशी सोय नाही. सीता येते, धरणीला हाक मारते आणि जाते. राम रात्रभर शोक करतो. सकाळी तो दोन्ही मुलांना सांगतो की काव्याचा उरलेला, पुढे घडणार असलेला भाग आता निःशंकपणे गा.

आईला जाऊन एक रात्र झाली आहे. मुलं गातात. गळा तोच आहे, वीणा तीच आहे, सभाही तीच आहे.