सांधलेला सूर

घरच्या घरीं गिटार वाजवून तिचें ध्वनिमुद्रण करणाऱ्या हौशी मंडळींत आम्ही गेलीं कांहीं वर्षें वावरत आहों. ही मंडळी एका गांवांत राहणारी नव्हे; कोणी पुण्यांत, कोणी मडगांवांत, तर कोणी लेस्टर किंवा टोरोंटो येथें. प्रत्यक्ष गांठ क्वचितच पडते. गांठ पडते ती एकमेकांच्या ध्वनिमुद्रणांची. दिवसाचें काम आटोपून, मुलें निजल्यावर, खिडक्या लावून व पंख्याचा आवाज येऊं नये म्हणून तोहि बंद करून, घामाघूम होत चार-पांच मिनिटांचें कांहीं तरी वाजवावें, तें इतरांकडे धाडावें, आणि इतरांनीं तें ऐकून बरें-वाईट कळवावें, असा हा व्यवहार आहे. यांत पैसा नाहीं, कीर्ति नाहीं. म्हणून खोटेपणास येथें कारणच नसावें, असें आम्ही धरून चाललों होतों. हा समज आमच्याच हातून कसा मोडला तें प्रथम सांगतों, म्हणजे पुढील विचार कोणत्या दुखण्यांतून निघाला हें वाचकांच्या ध्यानीं येईल.

फ्रान्सिस्को टार्रेगा (१८५२-१९०९) या स्पॅनिश गिटारवादकाची 'अल्हांब्राच्या आठवणी' अशा अर्थाच्या नांवाची एक रचना आहे. गिटार शिकणाऱ्या बहुतेकांस ती एकदां तरी भुरळ घालते. गिटारीचें जन्मजात वैगुण्य असें कीं, तार छेडली न छेडली तोंच तिचा सूर विझूं लागतो. गळ्याप्रमाणें अगर सारंगीप्रमाणें तो लांबवितां येत नाहीं. यावर टार्रेगानें या रचनेंत योजिलेली युक्ति अशी कीं, अंगठ्यानें खर्जाचा एक सूर छेडावा, आणि त्याच्या पाठोपाठ अनामिका, मध्यमा व तर्जनी यांनीं क्रमानें एकच तार झपाट्यानें छेडावी. लगेच पुन्हां अंगठा, पुन्हां तीं तीन बोटें. हे आघात सारख्या अंतरानें व सारख्या जोरानें पडले, तर कानास निरनिराळे आघात ऐकूं न येतां एकच अखंड, किंचित् थरथरणारा सूर ऐकूं येतो. सारी मेख त्या 'सारख्या' शब्दांत आहे. अनामिका स्वभावतःच दुबळी व शेजारणीवर विसंबणारी. ती क्षणभर रेंगाळली कीं तो अखंड सूर लंगड्या घोड्याच्या टापांसारखा वाजूं लागतो.

आम्हीं ही रचना दीड वर्ष घोटली, तरी आरंभापासून शेवटपर्यंत ती एकदांहि निर्दोष उतरली नाहीं. अखेर एका रविवारीं ती संगणकावर मुद्रित करावयास बसलों. जेथें चुकावें तेथून मागें जाऊन पुन्हां वाजवावें, असें करतां करतां सायंकाळपर्यंत लहानमोठे सत्तेचाळीस तुकडे जमले. रात्रीं त्यांतील बरे निवडून, अंगठ्याच्या आघाताआड सांधा लपेल अशा बेतानें, ते एकमेकांस जोडले. पहाटे दोन वाजतां जें तयार झालें, त्यांत सांधा कोठें आहे हें आमचें आम्हांसच ओळखूं येईना. तें आम्हीं मंडळींकडे धाडलें. सांध्यांविषयीं मात्र अवाक्षर काढलें नाहीं.

स्तुति पुष्कळ आली. तिचा गोडवा चार दिवस टिकला. पांचव्या दिवशीं मडगांवच्या एका स्नेह्यांचें पत्र आलें. हे निवृत्त शिक्षक आहेत. आम्ही त्यांना मास्तर म्हणतों. तरुणपणीं घरच्या लग्नकार्यांत व्हायोलिन व घुमट यांच्या जोडीला मांडोची साथ करणारी गिटार ही त्यांची पहिली गिटार. टार्रेगाकडे ते साठी उलटल्यावर वळले. त्यांनीं लिहिलें होतें: "तुमची अनामिका इतकी एकसारखी पडते, हें ऐकून धन्यता वाटली. माझी बोटें सांधेदुखीनें आखडत चालली आहेत. तरी नेटानें बसत होतों. पण तुमचें वादन ऐकल्यावर आपल्या हाताची लायकी कळली. ती रचना आतां ठेवून दिली."

तें पत्र आम्हीं कितीदां वाचलें याची गणती नाहीं. आमच्या हातून नेमका कोणता अपराध घडला होता? आम्हीं खोटा शब्द उच्चारला नव्हता. ध्वनिमुद्रणांतील प्रत्येक सूर आमच्याच बोटांनीं काढलेला, एकहि उसना नव्हता. ते सूर ज्या एका बैठकींत निघाल्यासारखे भासत होते तसे ते निघाले नव्हते, इतकेंच. पण त्या 'इतकेंच'पायीं मडगांवांत एका माणसानें गिटार खालीं ठेवली होती.

सांधणें हाच अपराध मानावा, तर फार मोठीं माणसें त्या पिंजऱ्यांत उभीं करावीं लागतील. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड यानें १९६४ सालीं जाहीर मैफली कायमच्या सोडल्या आणि पुढील आयुष्य ध्वनिमुद्रणास वाहिलें. १९६६ सालच्या एका निबंधांत त्यानें आपलाच एक अनुभव सांगितला आहे. बाखचा एक फ्यूग मुद्रित करतांना त्याच्या पदरीं दोन वादनें पडलीं. दोन्हींत बोट कोठेंहि घसरलें नव्हतें. पण एक नको तितकें गंभीर, तर दुसरें नको तितकें उल्हासी, आणि दोन्ही आपापल्या परी कंटाळवाणीं. गूल्डनें दोहोंतील भाग घेऊन एक फीत सांधली, व कोणत्याहि एका बैठकींत जें साधलें नव्हतें तें त्या सांध्यानें साधलें. लेखक खाडाखोड करतो, चित्रकार रंग खरवडून पुन्हां लावतो. मग वादकानेंच एका श्वासांत सर्व सिद्ध करावें हा हट्ट कां, हा त्याचा युक्तिवाद आम्हांस अजूनहि खोडतां आलेला नाहीं.

गिटारीच्या प्रांतांत तर याहूनहि धीट उदाहरण आहे. अमेरिकेचा लेस पॉल (१९१५-२००९) यानें हॉलिवुडमधील आपल्या घरच्या मोटारखान्यांत बसून, एका तबकडीवर मुद्रित केलेल्या वादनाबरोबर पुन्हां वाजवीत दुसरी तबकडी कोरावी, तिच्याबरोबर तिसरी, अशा रीतीनें एकट्याच्या गिटारीचे आठ थर चढविले. कांहीं थर यंत्र मंद गतीनें चालवून मुद्रित केलेले. मूळ गतीनें ऐकतां ते मनुष्याच्या बोटांस अशक्य अशा वेगानें धांवतात. 'लव्हर' ही त्याची तबकडी १९४८ सालीं निघाली. त्याच वर्षाच्या आरंभीं मोटारीच्या अपघातांत त्याच्या उजव्या हाताचें कोपर चुरडलें. कोपर यापुढें वांकणार नाहीं हें कळल्यावर, गिटार धरतां येईल अशा कोनांतच तो हात जखडावा असें त्यानें शस्त्रवैद्यांस सांगितलें. पुढें साठ वर्षें तो त्याच हातानें वाजवीत होता. मागाहून ध्वनिफीत आली, आणि जुना थर पुसत त्याच फितीवर जुना व नवा मिळून लिहिण्याची रीत त्यानें बसविली. या रीतींत शेवटच्या थरांत चूक झाली कीं मागले सर्व थरहि गेले. आरंभापासून पुन्हां सुरुवात. पत्नी मेरी फोर्ड हिच्यासह त्यानें केलेलें 'हाउ हाय द मून' हें गीत १९५१ सालीं अमेरिकेंत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतें, तें अशाच थरांचें. याला फसवणूक कोण म्हणेल? एका माणसास आठ हात नसतात हें ऐकणारास ठाऊक होतें. तीच तर मौज होती.

उलट, जुन्या मेणाच्या काळांत सांधण्याची सोयच नव्हती. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहर जाननें गायिलें तेव्हां तीन मिनिटांच्या आंत चीज संपवावयाची आणि शेवटीं स्वतःचें नांव मोठ्यानें पुकारावयाचें. चूक झाली तर तें मेण बाद. त्या तबकड्या ऐकतांना आम्हांस वाटतें कीं, तो नांवाचा पुकारा म्हणजे एक प्रकारची सहीच होती: जें ऐकलेंत तें या बाईनें या बैठकींत, या क्रमानें गायिलें. परंतु यंत्राच्या लाचारीस नीति समजण्याची चूक करूं नये. सांधण्याची सोय असती तर तिनें ती घेतली असती कीं नसती, हें कोणी सांगावें?

तेव्हां सांधा हा दोष नव्हे. कानास चकविणें हाहि नव्हे. टार्रेगाची ती युक्ति मुळांतच कानाची चकवणूक आहे, नसलेला अखंड सूर असल्याचा भास आहे. मात्र तो भास वाजविणारा ऐकणाराच्या समोर, बोटांच्या कष्टानें निर्माण करतो, आणि भास आहे हें दोघांसहि ठाऊक असतें. गूल्डनें आपला सांधा निबंध लिहून उघड केला. लेस पॉलच्या थरांनीं स्वतःच तो डंका पिटला. आमच्या सांध्यानें मात्र 'मी सांधा नाहीं' असें सोंग घेतलें, आणि तेंहि अशा मंडळींत, जेथें प्रत्येक जण दुसऱ्याच्या वादनावरून आपल्या हाताची पायरी ठरवीत असतो. पैसे देऊन ऐकणारास सुंदर वस्तु हवी असते, आणि ती त्यास मिळाली कीं देणें फिटलें. बरोबरीच्या विद्यार्थ्यास वस्तूपेक्षां वाट हवी असते. किती दिवसांत, किती चुका होऊन, येथवर येतां येतें हें त्यास जाणून घ्यावयाचें असतें. त्यास आम्हीं खोटा मैलाचा दगड दाखविला होता.

याला आमच्या मंडळींतील एक ठरीव उत्तर आहे: सर्वच सांधतात, आणि सर्व सांधतात हें सर्वांस ठाऊक आहे. हें खरें असतें तर मास्तरांचें पत्र आलें नसतें. आमचा अनुभव असा कीं, प्रत्येक जण स्वतः सांधतो, आणि दुसरा मात्र सलग वाजवितो असें मानून मनांत कुढतो.

साधनांच्या हव्यासाविषयीं येथेंच दोन शब्द. मंडळींतील निम्मा पत्रव्यवहार कोणता मायक्रोफोन घ्यावा, कोणत्या तारा चढवाव्या, याविषयींचा असतो. आम्हीहि त्यांत मागें नाहीं, घरच्या लोकांस विचारावें. १९७९ सालीं साध्या कॅसेटवर चार थर मुद्रित करणारें लहानसें यंत्र बाजारांत आलें, तेव्हांपासून ही हौस सामान्य माणसाच्या आवांक्यांत आली. तसल्याच यंत्रावर, दोन साध्या मायक्रोफोनांनीं, ब्रूस स्प्रिंगस्टीननें जानेवारी १९८२ मध्यें न्यू जर्सींतील घराच्या निजायच्या खोलींत कांहीं गीतें कच्चीं म्हणून मुद्रित केलीं. ती कॅसेट तो डबीवांचून खिशांत टाकून हिंडत असे. पुढें वाद्यवृंद घेऊन, उत्तम सामग्रीनिशीं तींच गीतें पुन्हां केलीं, पण त्याच्या मनास येईनात. शेवटीं खिशांतली कॅसेटच 'नेब्रास्का' या नांवानें प्रसिद्ध झाली. ही गोष्ट आमच्या मंडळींत वारंवार सांगितली जाते, आणि ती सांगून झाल्यावर सांगणारा नवा मायक्रोफोन मागवितो.

पण हौशी माणसाच्या बाबतींत आणखी एक हिशेब आहे, आणि तो आम्हांस पहिल्यापेक्षां अधिक टोंचतो. धंदेवाईक वादकास त्याच्या कष्टाचें मोल बाहेरून मिळतें. हौशास तें वाजवितांना हातांत जें मुरतें त्यांतच मिळावयाचें. त्याला दुसरा पगार नाहीं. त्या रविवारीं आम्हीं सत्तेचाळीस तुकडे वाजविले, परंतु प्रत्येक तुकडा चुकला कीं पुढें यंत्र सांभाळून घेईल हें मनांत असल्यामुळें अनामिकेला त्या दिवशीं कांहींच शिकावें लागलें नाहीं. दीड वर्षाची तालीम जेथें अडली होती तेथेंच ती सोमवारीं सकाळीं अडलेली सांपडली. वरून, आपण वाजविलेलें म्हणून जें ऐकावें तें आपल्याहून चांगलें, म्हणजे आपल्याच ध्वनिमुद्रणाचा मत्सर वाटण्याची चमत्कारिक पाळी!

मास्तर पुढच्या महिन्यांत पुण्यास आपल्या मुलीकडे आले. पत्रांत कबुली देण्याचा धीर आम्हांस झाला नव्हता. ते घरीं येऊन बसले, चहा झाला, आणि "आतां ती ऐकवा," असें म्हणाले. आम्हीं गिटार घेतली. तिसऱ्या ओळींत बोटें अडखळलीं, सांवरलीं, पुन्हां अडखळलीं. मग गिटार खालीं ठेवून, "मास्तर, तें वादन सत्तेचाळीस तुकड्यांचें होतें," असें आम्हीं सांगून टाकलें.

ते रागावतील, निदान दुखावतील, अशी आमची तयारी होती. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. नंतर आपली उजवी अनामिका डाव्या हातानें चोळीत त्यांनीं विचारलें, "हें जोडकाम मला शिकवाल? सलग वाजविणें माझ्या हातून आतां व्हावयाचें नाहीं. पण अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे तुकडे मी बरे वाजवितों. ती रचना माझ्या बोटांतून आलेली, एकदां तरी पुरती ऐकावी असें वाटतें."

आमच्या साऱ्या विवेचनांत या माणसास जागा नव्हती. हातांत कांहीं मुरण्याचे दिवस त्यांचे संपले होते. आमच्या बाबतींत जी पळवाट, तीच त्यांच्या बाबतींत त्या रचनेपर्यंत पोंचण्याची एकुलती एक वाट होती. लेस पॉलचें तें जखडलेलें कोपर आम्हांस तेव्हां आठवलें.

दोन दुपारी आम्ही दोघे त्या खोलींत पंखा बंद करून बसलों. दर तुकड्यानंतर ते हात गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवीत. तुकडे एकतीस झाले. तयार झालेलें वादन त्यांनीं डोळे मिटून दोनदां ऐकलें, आणि मंडळींकडे धाडतांना खालीं स्वतः एक ओळ लिहिली: 'एकतीस तुकडे, सांधे मित्रानें जुळविले.' त्या आठवड्यांत पांच जणांनीं आपापल्या जुन्या ध्वनिमुद्रणांखालीं तुकड्यांचे आंकडे लिहून कळविले. एकाचा आंकडा एकशें बारा होता.

आमच्या ध्वनिमुद्रणाखालीं तशी ओळ घालणें मात्र राहून गेलें होतें. ती काल रात्रीं, हा लेख नकलून काढण्यापूर्वीं, घातली.