नियमराजाचा डोंगर कोणाच्या नावावर?

ओडिशातल्या रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांत पसरलेल्या नियमगिरीच्या डोंगररांगेत डोंगरिया कोंध राहतात. ते स्वतःला आपल्या देवाचे, नियमराजाचे, वंशज मानतात. डोंगर त्याचा, झरे त्याचे आणि जगण्याचे नियमही त्यानेच घालून दिलेले. माथ्यावरच्या झाडांना कुऱ्हाड लावायची नाही, हा त्यातलाच एक. उतारावर नाचणी, हळद, अननस, फणस पिकतात. माथा मात्र राखलेला. पावसाचं पाणी तिथे मुरतं आणि खाली झऱ्यांना येतं.

त्याच माथ्यात ७ कोटी टनांहून अधिक बॉक्साइट आहे. पायथ्याला, लांजीगढला, वेदांत कंपनीने अ‍ॅल्युमिनाचा कारखाना उभारला तो या खनिजावर डोळा ठेवूनच.

१८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: माथ्यावरच्या प्रस्तावित बॉक्साइट खाणीमुळे इथल्या लोकांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांना बाधा येते का, हे ग्रामसभांनी ठरवावं. आधार होता राज्यघटनेच्या कलम २५ व २६ चा आणि २००६ च्या वनहक्क कायद्याचा. देवाचा निवाडा न्यायाधीशांनी आपल्याकडे न ठेवता त्याच्या लेकरांवर सोपवला, ही फार मोठी गोष्ट होती.

राज्य सरकारने १२ गावं निवडली. भर पावसाळ्यात, जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली सभा झाल्या. बाराही गावांनी खाण नाकारली. नियमराजा एखाद्या देवळापुरता नाही, अख्खा डोंगरच त्याचा आहे, हे लोकांनी परोपरीने सांगितलं. त्याच दमात ते झऱ्यांबद्दल, शेताबद्दल, कंदमुळांबद्दलही बोलत होते. प्रश्न श्रद्धेचा होता. उत्तर सगळ्या जगण्याचं आलं.

खरी मेख इथेच आहे. धर्म एका कप्प्यात आणि पोटापाण्याचा व्यवहार दुसऱ्यात, अशी विभागणी आपल्या कायद्याच्या अंगवळणी पडलेली आहे. कोंधांच्या जगण्यात ती नाहीच. माथा राखणं ही त्यांची पूजा, आणि पाण्याची तजवीजही तीच. यातलं ‘धार्मिक’ तेवढं वेगळं काढून संरक्षण द्यायचं म्हटलं, तर कागदावर उरतो एखादा दगड आणि भोवतीची चार गुंठे जागा.

दुसरा धोका त्याहून मोठा. ज्या जंगलात असा देव दाखवता येत नाही, तिथल्या माणसांनी काय करायचं? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला याच वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे कोणी देव सिद्ध करायला सांगितलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर आणि राखण पुरेशी ठरली. तरीही स्वतःच्या जंगलातला बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. वनहक्क कायद्याची प्रस्तावनाच ऐतिहासिक अन्यायाची कबुली देते. अन्याय झाला म्हणजे हक्क आधीपासूनच होता. तो सरकारने दिलेला नाही आणि देवाच्या साक्षीवरही टांगलेला नसावा.

नियमगिरीचा खाण प्रस्ताव केंद्राने जानेवारी २०१४ मध्ये फेटाळला. ओडिशाच्या खाण महामंडळाने नव्याने ग्रामसभा घेण्याची मागणी केली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही अमान्य केली.