शस्त्र हाती आल्यानंतर

आत्मसंरक्षणाचा हक्क मनुष्यास आहे की नाही, हा वाद आता जवळजवळ मिटला आहे. दि. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने ३४ ते ४४ या कलमांत हा हक्क मान्य केला आहे आणि तिच्या आधीच्या दंडविधानानेही तो मान्य केलाच होता. परंतु हक्क मान्य झाला म्हणजे नीतीचा प्रश्न सुटला, असे होत नाही. दुसऱ्यास इजा करण्याची विद्या सज्जनाने शिकावी काय, व शिकल्यावर तो सज्जनच राहील याची हमी कोणी द्यावी, हा प्रश्न उरतोच. त्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

फिलिपाईन बेटांत ‘आर्निस’ नावाची एक युद्धविद्या आहे. वेताची छडी व आखूड पाते ही तिची मुख्य साधने. २००९ साली तेथील कायद्याने तिला राष्ट्रीय युद्धकलेचा व क्रीडेचा मान दिला. तिच्या अनेक शाखांपैकी नेग्रोस बेटावरील तोर्ताल घराण्याने जतन केलेली ‘पेकिती-तिरसिया’ ही शाखा आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही. शत्रू हातभर अंतरावर येऊन ठेपला असता काय करावे, हा तिचा विशेष विषय. या बेटांवरील युद्धविद्यांत सापाचे दात पाडण्याचा एक दृष्टांत आहे. सापास मारण्याची गरज नाही. त्याचे विषारी दात पाडले की तो निरुपद्रवी होतो. तद्वत् प्रहार माणसाच्या मस्तकावर न करता शस्त्र धरणाऱ्या हातावर करावा. दृष्टांत सुंदर आहे. परंतु हातावरचा वार पुढे गळ्यापर्यंत कसा न्यावा, हेही तीच विद्या शिकविते, हे विसरून चालणार नाही.

हे वाचून आपल्या वाचकांस काही आठवले पाहिजे. लाठी, पट्टा, फरीगदगा यांच्या पंक्तीत आपल्याकडे ‘बंदेश’ नावाची एक विद्या होती व क्वचित् अजूनही आहे. सशस्त्र मनुष्य अंगावर आला असता त्याचे शस्त्र काढून घेणे, हा तिचा हेतू. प्रतिपक्ष्यास लोळविणारा नव्हे, तर त्याचे शस्त्र आपल्या हाती घेणारा तिच्यात विजयी ठरतो. बडोद्यास दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध करून अशा विद्यांची नोंद करून ठेवली. त्याच नगरीत राजरत्न माणिकरावांनी आपले गुरू उस्ताद जुम्मादादा यांच्या नावे व्यायाममंदिर चालविले. गुरू मुसलमान, शिष्य हिंदू. विद्येने दोघांची जात विचारली नाही.

या विद्येवर पहिला आक्षेप अहिंसेचा. त्यास उत्तर खुद्द गांधीजींनी १९२० साली देऊन ठेवले आहे. भ्याडपणा व हिंसा या दोहोंतूनच निवड करावयाची असेल तर आपण हिंसेचा सल्ला देऊ, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. क्षमा त्याने करावी, ज्यास शिक्षा करणे शक्य आहे. ज्यास ते शक्यच नाही, त्याच्या मौनास क्षमा म्हणणे हा शब्दाचा अपमान होय.

दुसरा आक्षेप अधिक बिकट आहे. हाती काठी असली की डोके दिसू लागते, असे आक्षेपक म्हणतात, आणि अर्धवट शिकलेल्यांच्या बाबतीत हे खरेही आहे. तथापि दुसरी बाजू पाहावी. संरक्षणास आवश्यक तेवढीच इजा करावी, असे कायदा सांगतो. भ्यालेला मनुष्य ही मर्यादा कशी सांभाळणार? त्याचा पहिला वार आंधळा असतो आणि दहावा त्याहूनही आंधळा. मोजून मारणे त्यालाच शक्य, ज्याचा हात शिकलेला आहे. शिक्षणाने संयम येतोच असे आम्ही म्हणत नाही; शिक्षणावाचून तो शक्य नाही, एवढेच म्हणतो.

याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. पुण्याच्या लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. १८५६ साली त्यांस ठार मारण्यासाठी दोन मारेकरी रात्री घरात शिरले. चरित्रकार सांगतात की, जोतीरावांनी हात उगारला नाही; तुम्ही कोण व कशासाठी आलात, एवढेच विचारले. पुढे त्या दोघांपैकी एक त्यांचा रक्षक झाला आणि दुसरा सत्यशोधक कार्यातील सहकारी. तालमीने त्यांस हे शिकविले असा दावा आम्ही करणार नाही. पण ज्यास लढता येते, त्याच्या प्रश्नास याचनेचा सूर नसतो, हे मात्र खरे.

आता या विद्येची मर्यादाही सांगितली पाहिजे. समग्र शिक्षा योजनेखाली ‘राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ या नावाने शाळांतील मुलींस तीन महिने हे शिक्षण दिले जाते. ते स्तुत्यच होय. परंतु मुलींवरील अत्याचार बहुधा परक्या वाटमाऱ्याकडून होत नाहीत. ओळखीच्या, कित्येकदा घरच्याच माणसांकडून होतात. तेथे मनगट सोडविण्याचा डाव कितीसा पुरणार? शिवाय, ‘तुला शिकविले होते ना, मग प्रतिकार का केला नाहीस?’ असे उद्या कोणी विचारू लागला, तर संरक्षणाची विद्या ही पीडितेवरील आरोपाचे साधन होईल. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही, असे कायद्याने स्पष्ट सांगितले आहे. समाजाने ते अद्याप शिकावयाचे आहे. मुलीस डाव शिकवून ज्याला वाटते की आपले कर्तव्य संपले, त्याने आपला भार तिच्या खांद्यावर टाकला, एवढेच.

आमचे गंगापूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. रझाकारांच्या सशस्त्र टोळ्या मराठवाड्यात मोकाट फिरत असता, सरकारी संरक्षण मागण्यास वेळ असेल तर स्वतः शस्त्र उचलू नये, हा कायद्याचा दंडक निरर्थक झाला होता. कारण संरक्षण देणाऱ्यांचाच त्या टोळ्यांस आश्रय होता. त्या काळी ज्यांनी आपले गाव राखले, त्यांस दोष देण्याचे धाडस आम्हांस होत नाही. परंतु १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करल्यानंतर काय झाले, हेही सांगितले पाहिजे. मराठवाड्यातील अनेक गावी निरपराध मुसलमानांची हत्या झाली. घरे लुटली गेली. पंडित सुंदरलाल समितीने त्याची चौकशी करून अहवाल दिला आणि तो दीर्घकाळ दडवून ठेवण्यात आला. भय संपले होते. उगारलेला हात मात्र खाली आला नाही. संरक्षणाचा हक्क भय असेतोवरच टिकतो, असे कायदा म्हणतो. त्यापुढे जे घडते त्याला निराळे नाव आहे.

म्हणून आमचे मत असे की, ही विद्या शिकवावी. मुलांस शिकवावी, मुलींस शिकवावी, सर्व जातिधर्मांच्या हाती द्यावी. पण शिकविणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शत्रूच्या हातचे शस्त्र काढून घेताच बंदेशचा डाव संपतो व प्रेक्षक टाळ्या वाजवितात. नीतीचा डाव तेथे सुरू होतो. त्या क्षणी समोरचा निःशस्त्र असतो आणि शस्त्र आपल्या हाती असते. त्याचे आता काय करावयाचे, हे कोणत्याही तालमीत शिकविले जात नसेल, तर बाकीचे सारे शिक्षण अपुरे होय.