दोन उघड्या खिडक्या

महाराष्ट्र सरकारच्या 11 ऑगस्ट 2021 च्या कोरोनाविषयक आदेशातलं एक कलम फार थोड्यांच्या लक्षात राहिलं असेल. उपाहारगृह वातानुकूलित असेल, तर हवा खेळती राहण्यासाठी पंखा लावावा आणि किमान दोन खिडक्या किंवा दार उघडं ठेवावं, असं त्यात म्हटलं होतं. पन्नास टक्के ग्राहक, रात्री दहाची वेळ, कर्मचाऱ्यांचे दोन डोस यांवर चर्चा झाली, खिडक्यांवर झाली नाही. तेव्हा आपल्या देशात अठरा वर्षांखालच्या मुलांचं लसीकरण सुरूच झालेलं नव्हतं. त्यांना बंद जागेत जेवायला न्यायचं का, याचं उत्तर बरंचसं त्या दोन खिडक्यांत होतं, असं माझं ठाम मत आहे.

त्या वर्षी तुळशीचं लग्न उरकलं आणि पारोळा, एरंडोल, अमळनेर या पट्ट्यात आधी पुढे ढकललेली लग्नं एकदम निघाली. पत्रिका घरात आली की आईच्या मनात पहिला विचार पोराचा. ‘दादा, याला आणू का रे?’ असं बहिणीने फोनवर विचारायचं आणि भावाने म्हणायचं, ‘ताई, भाच्याशिवाय लग्न लागेल का?’ खानदेशात या प्रेमापुढे कोणाची मात्रा चालत नाही. निर्णय मात्र त्या बाईच्याच पदरात पडे. नेलं आणि पोर आजारी पडलं तर दोष तिचा, नाही नेलं तर माहेर रुसणार. कार्यालयाला खिडक्या किती, शेजारी बसणाऱ्यांनी लस घेतली की नाही, हे तिला कोणी सांगत नव्हतं.

जेवताना मास्क काढावाच लागतो, आणि पंगतीत कोणी मुकाट्याने जेवत नाही. बोलण्यातून, हसण्यातून निघणारे सूक्ष्म कण बंद खोलीत तरंगत राहतात. चीनमधल्या ग्वांगझू शहरात 24 जानेवारी 2020 रोजी, त्यांच्या नववर्षाच्या आदल्या दिवशी, एका उपाहारगृहात तीन कुटुंबं शेजारशेजारच्या टेबलांवर जेवली. मजला तिसरा, खिडक्या नाहीत, एसी चालू. पुढच्या काही दिवसांत त्या तीन कुटुंबांतले दहा जण बाधित निघाले. टेबलांमध्ये सुमारे मीटरभर अंतर होतं, पण हवा एकच होती. आपल्याकडे मात्र हॉलच्या दारात सॅनिटायझरची बाटली आणि तापमान मोजायची बंदूक, आणि आत सजावटीच्या पडद्यामागे सगळ्या खिडक्या बंद, एसी जोरात.

मुलांना हा आजार सौम्य होतो, मग एवढी काळजी कशाला, असा प्रश्न तेव्हाही होता आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता. 2021 च्या जून-जुलैमध्ये आयसीएमआरने केलेल्या चौथ्या सर्वेक्षणात सहा ते नऊ वयाच्या 57 टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली होती. बहुतेकांना आजार होऊन गेल्याचं घरात कळलंही नव्हतं. पण आपल्याकडे पोर आजीच्या कुशीत झोपतं, आजोबांच्या ताटात जेवतं. जळगाव जिल्ह्याचा मृत्युदर 2020 च्या उन्हाळ्यात देशात सर्वाधिक असलेल्या जिल्ह्यांत होता. हे ज्यांनी पाहिलं, त्यांना पोराचा साधा खोकलाही साधा वाटणं शक्य नव्हतं.

न्यूयॉर्कने या प्रश्नावर मुलांकडेच दाखला मागितला. 14 डिसेंबर 2021 पासून तिथे पाच ते अकरा वर्षांच्या मुलांनाही उपाहारगृहात बसून जेवायचं तर लशीचा पुरावा लागे. महाराष्ट्रात मुलांसाठी लसच नव्हती. म्हणून मॉलमध्ये दोन डोस झालेल्या मोठ्यांनाच प्रवेश ठेवला आणि अठरांखालच्यांना वयाचा पुरावा दाखवून आत सोडलं. हे मला न्याय्य वाटतं. जे मिळतच नाही, ते नसल्याबद्दल मुलाला दारात अडवायचं कशाला?

सलतं ते वेगळंच. 2021 च्या त्याच ऑगस्टमध्ये 17 तारखेपासून शाळा उघडायचं ठरलं होतं, ते राज्याच्या कोरोना कृती दलाच्या आक्षेपामुळे थांबलं. हॉटेलं 15 ऑगस्टपासून रात्री दहापर्यंत खुली झाली. पहिली ते चौथीच्या वर्गांना परवानगी मिळाली ती 1 डिसेंबरपासून. म्हणजे साडेतीन महिने सात वर्षांचं मूल महामार्गावरच्या हॉटेलात फॅमिली रूममध्ये बसून शेवभाजी खाऊ शकत होतं, पण स्वतःच्या वर्गात बसू शकत नव्हतं. मुलांच्या आरोग्याची एवढीच चिंता होती, तर आधी वर्गाच्या खिडक्या उघडायला हव्या होत्या.

मला कोणी तेव्हा विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं: बंद एसी हॉलमध्ये नेऊ नका, मांडवात किंवा शेतात पंगत असेल तर खुशाल न्या, आणि घरातल्या मोठ्यांचे डोस आधी पूर्ण करा. सरकारचा नियमही हेच सुचवत होता. बंदिस्त कार्यालयात जास्तीत जास्त शंभर माणसं, मोकळ्यावर दोनशे. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी तर मुळात उघड्यावरच्या पंगतीचंच जेवण. गोवऱ्यांवर बट्ट्या भाजायच्या, लिंबाच्या सावलीत पत्रावळी मांडायच्या, पोरांनी मधूनमधून पळायचं. कार्यालयांची चढाओढ लागली तेव्हा ही मोकळी हवा गरिबीची खूण ठरली, हे मला फार चुकीचं वाटतं.

हा प्रश्न कोरोनापुरता नाही. पुढे पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना 3 जानेवारी 2022 पासून आणि बारा ते चौदाच्या मुलांना 16 मार्चपासून लस मिळाली. त्याखालची मुलं राष्ट्रीय मोहिमेत कधी आलीच नाहीत. त्याच वर्षाअखेर मुंबईत गोवरची साथ आली आणि ती आपल्या शेजारच्या मालेगावातही होती. गोवरही हवेतूनच पसरतो, कोरोनापेक्षा झपाट्याने. त्याची पहिली लस नवव्या महिन्यानंतर मिळते. म्हणजे लग्नात आईच्या मांडीवर असलेलं सहा महिन्यांचं प्रत्येक बाळ एरवी लशीविनाच असतं, आणि त्याच्याजवळ दाखला मागायची सोय कधीच नसणार. मंगल कार्यालयाला आगीपासून बचावाची तजवीज दाखवावी लागते. तशीच उघडणाऱ्या खिडक्यांची आणि हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यांची पाहणी नगरपालिकेने दर वर्षी लग्नसराईआधी करावी आणि निकाल कार्यालयाच्या दारावर लावावा. पत्रिका हातात घेऊन बसलेल्या आईला तेवढं तरी वाचता येईल.