पक्षाच्या यादीत आपले नाव

अहिल्यानगर जिल्ह्यात साखर कारखान्याची निवडणूक लागली की गावोगाव मतदार यादी चाळली जाते. कुणाचा शेअर अजून वडिलांच्याच नावावर आहे, वारसनोंद राहिली. कुणी ऊस दुसरीकडे घातला म्हणून अक्रियाशील ठरला. कुणाचे नाव भलत्याच गटात गेले. हरकती दाखल होतात, सुनावणी होते, अंतिम यादी लागते. मग पॅनल, छाननी आणि माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंतची धावपळ. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. तेव्हापासून तीन पिढ्या हे शिकत आल्या. संस्था आपल्या भांडवलावर उभी आहे, म्हणून ती कोण चालवणार हे आपण मतपेटीतून ठरवू, ही जाणीव इथल्या शेतकऱ्याच्या अंगात भिनलेली आहे.

तोच शेतकरी एखाद्या राजकीय पक्षाचाही सभासद असतो. नोंदणीच्या मोहिमेत पावती फाटते किंवा मोबाइलवरून नोंद होते आणि विषय तिथेच संपतो. त्या सभासदांची यादी कुठे लावलेली असते? हरकत कुणाकडे घ्यायची? पक्षाचे धोरण ठरवणाऱ्या प्रदेश कार्यकारिणीवर आपल्या तालुक्यातून कोण जाणार, याचे मतदान कधी झाले? कारखान्याच्या काटापट्टीतला फरक बोटावर मोजून सांगणारा माणूस या प्रश्नांपुढे गप्प होतो. मला ही गोष्ट मनाला लागते. ज्याने तीस वर्षे सतरंज्या उचलल्या, बूथ सांभाळला, त्याने विधानसभेचे तिकीट मागितले तर लोक समजून घेतात. पण ‘मला धोरण ठरवणाऱ्या समितीत सभासदांचा प्रतिनिधी म्हणून निवडून जायचे आहे’ असे कुणी म्हणत नाही. हे म्हणणारे कार्यकर्ते हवे आहेत, आणि त्यांनी हरण्याची तयारी ठेवूनही उभे राहायला हवे.

या प्रश्नाचा इतिहास आपल्या अहिल्यानगर शहराच्या, म्हणजे जुन्या नगरच्या, भुईकोट किल्ल्यात बंदिस्त होता. 9 ऑगस्ट 1942 च्या पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीची धरपकड झाली, तेव्हा त्याच रेल्वेगाडीतून गांधीजींना चिंचवडला उतरवून घेतले आणि कार्यकारिणीला नगरला आणले. नेहरू, पटेल, आझाद, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, पट्टाभी सीतारामय्या, शंकरराव देव अशी माणसे इथे जवळजवळ तीन वर्षे होती. नेहरूंनी इथे लिहिलेल्या ग्रंथाबद्दल आपण अभिमानाने बोलतो. पण त्या बराकींत राहणारी माणसे म्हणजे एका पक्षाचे धोरण ठरवणारी समिती होती. ती समिती नेमकी कुणाची, हा वाद त्याच माणसांमध्ये तीनच वर्षांपूर्वी पेटला होता.

काँग्रेसच्या 1920 च्या नागपूर अधिवेशनाने चार आणे वर्गणीचा सभासद निर्माण केला. गावापासून प्रांतापर्यंत समित्यांची उतरंड लावली गेली. अध्यक्ष प्रतिनिधींच्या मतांनी निवडला जाई, पण कार्यकारिणी पुढे अध्यक्षाने नेमायची असे ठरले. 1936 साली नेहरूंनी आपल्या कार्यकारिणीत तीन समाजवादी घेतले: जयप्रकाश नारायण, नरेंद्र देव आणि आपल्या नगरचे अच्युतराव पटवर्धन. वयाच्या एकतिसाव्या वर्षी अच्युतराव काँग्रेसच्या सर्वोच्च धोरणसमितीत बसले. माणूस त्या जागेला पुरेपूर लायक होता. पण नगर जिल्ह्यातल्या चार आणेवाल्याने त्यांना तिथे पाठवले नव्हते, अध्यक्षाने घेतले होते. अध्यक्षाच्या मर्जीने मिळालेल्या जागेवरून अध्यक्षाशी किती भांडता येते, याला मर्यादा असते.

1939 साली ती मर्यादा उघडी पडली. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुभाषबाबूंनी पट्टाभींना सुमारे 200 मतांनी हरवले. त्रिपुरी अधिवेशनात पंतांनी ठराव आणला की अध्यक्षाने कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. ठराव मंजूर झाला, कार्यकारिणी बनेना, एप्रिलअखेर सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. कार्यकारिणी सभासदांच्या प्रतिनिधींनी थेट निवडलेली असती, तर निवडून आलेला अध्यक्ष आणि निवडून आलेले सदस्य यांना एकमेकांशी जमवून घ्यावेच लागले असते. बाहेरून कुणाची इच्छा विचारण्याचा प्रश्नच आला नसता. पराभूत पट्टाभी आणि ठरावाचे पंत नंतर आपल्या किल्ल्यात एकत्र कैदेत होते. 1950 मध्ये त्याच कैद्यांपैकी कृपलानी आणि शंकरराव देव अध्यक्षपदासाठी टंडन यांच्याविरुद्ध उभे राहिले. टंडन यांना 1306, कृपलानींना 1092 आणि देवांना 202 मते पडली. 202 मते घेऊन हरलेल्या शंकररावांचे मला मोल वाटते. ते उभे राहिले, मोजले गेले.

पुढची गोष्ट लवकर सांगून होते. 1992 ला काँग्रेसच्या तिरुपती अधिवेशनात, नरसिंह रावांच्या काळात, कार्यकारिणीची खरीखुरी निवडणूक झाली. अर्जुनसिंह, शरद पवार निवडून आले. दलित आणि महिला निवडून आल्या नाहीत या कारणावरून राजीनामे घेतले गेले आणि पुन्हा नेमणुका झाल्या. 2023 च्या रायपूर अधिवेशनात निवडणूक न घेता अध्यक्ष खर्गे यांना नेमणुकीचे अधिकार दिले गेले. दलित-महिलांचा मुद्दा खरा आहे, पण त्याचे उत्तर आपल्या कारखान्यांकडे कधीचे आहे: संचालक मंडळात महिलांसाठी दोन आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी एक जागा राखीव असते आणि त्या जागांवरही निवडणूकच होते. दुसऱ्या पक्षांत याहून बरे चालले आहे, असे कुणी समजू नये.

निवडणूक टाळण्याची किंमत महाराष्ट्राने अलीकडेच मोजली. शिवसेना कुणाची, या वादात निवडणूक आयोगाने 17 फेब्रुवारी 2023 रोजी आमदार-खासदारांचे बहुमत मोजून निकाल दिला. पक्षाची 2018 ची घटना लोकशाहीला धरून नाही, पदाधिकारी निवडणुकीविना नेमलेले आहेत, असे आयोगाने म्हटले. राष्ट्रवादीच्या बाबतीत 6 फेब्रुवारी 2024 ला पुन्हा तेच. संघटनेत बहुमत कुणाकडे, हे भरवशाने मोजता येईना, म्हणून आमदार मोजले. दोन्ही निकालांवर बाजू घेणारे खूप आहेत. मला त्यात पडायचे नाही. लाखो सभासदांचे मत मोजण्याची सोयच नव्हती, हे मात्र दोन्ही बाजूंनी मान्य करावे. निवडलेली कार्यकारिणी असती, तिची यादी, मतमोजणीचे कागद असते, तर आयोगापुढे ठेवायला काहीतरी असते.

आपल्या 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात पक्षनोंदणीचे कलम आहे, पण आत निवडणूक झाली नाही तर पक्षाला जाब विचारण्याची सोय नाही. विधी आयोगाने 1999 मध्येच अंतर्गत लोकशाहीची तरतूद सुचवली होती. जर्मनीत 1967 पासून वेगळा पक्षकायदा आहे. पदसिद्ध सदस्य कार्यकारिणीच्या एक पंचमांशाहून जास्त असता कामा नयेत, इतक्या बारकाईने तो बोलतो.

कायदा येईल तेव्हा येईल. कायद्याविनाही उभे राहता येते. एप्रिल 2025 मध्ये मदुराईला मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या महाअधिवेशनात महाराष्ट्रातले कामगारनेते डी. एल. कराड केंद्रीय समितीसाठी अधिकृत यादीविरुद्ध उभे राहिले. त्यांना 31 मते पडली, ते हरले. त्या पक्षात राजकीय ठरावाचा मसुदा आधी शाखांपर्यंत जातो, सभासद दुरुस्त्या पाठवतात. ही शिस्त असलेल्या पक्षातही नेतृत्वाची यादी सहसा बिनविरोध होते. म्हणून त्या 31 मतांची बातमी झाली.

असा प्रतिनिधी निवडून जाऊन करणार काय? आपल्याकडचे पाणी घ्या. 2023 मध्ये लागू असलेल्या समन्यायी वाटपाच्या सूत्रानुसार 15 ऑक्टोबरला मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात 65 टक्क्यांहून कमी साठा असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. ऑक्टोबर 2023 मध्ये नगर-नाशिकच्या धरणांतून 8.6 टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा कोपरगाव-राहात्यात विरोधाच्या सभा आणि मराठवाड्यात पाण्यासाठी आंदोलने. एकाच पक्षाचे पुढारी इकडे एक बोलले आणि तिकडे दुसरे. पक्षाचे धोरण कोणते, हे कुणालाच सांगता आले नाही, कारण ते कुठल्याही समितीत मतदानाने ठरलेच नव्हते. राहात्याचा आणि पैठणचा, दोघेही निवडून आलेले प्रतिनिधी एका टेबलाशी बसले तर भांडण तिथे होईल, आकडे तिथे मांडले जातील, आणि जो ठराव होईल तो घेऊन दोघांना आपापल्या गावी जावे लागेल.

शेवगावातून अशा समितीसाठी उभा राहणारा उमेदवार या बाबतीत मला सर्वांत जवळचा वाटतो. तालुका नगर जिल्ह्यात, आणि जायकवाडीच्या फुगवट्यात जमिनी गेलेली काही गावेही याच तालुक्यात. जिल्ह्यातून मते मागायची तर त्याला कोपरगावच्या ऊसवाल्यासमोरही उभे राहावे लागेल आणि धरणग्रस्तासमोरही. तिथे तो काय बोलतो, ते ऐकायला मी जाईन.